शेवटपर्यंत ऐकणारं गाव

४ ऑक्टोबर

निवृत्त बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे: आपलं कुणी ऐकून घेत नाही. पेन्शन वेळेवर येते, गुडघे कुरकुरत का होईना चालतात, पण आपण तोंड उघडलं की सुनेला गॅसवरचं दूध आठवतं, जावयाला फोन येतो आणि नातवंडं कानात बोंडं घालून बसतात. ज्यांनी आयुष्यभर जग चालवलं त्यांना आता घरात वाक्य पुरं करायची परवानगी नाही.

एवढं लिहून झालं तेव्हा ही मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, रोजनिशी लिहिताय की सभा घेताय? सवय आहे, काय करणार. कॉलेजात शिकवलं, कामगारांच्या सभा गाजवल्या, माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवला. समोर कुणी नसलं की मला लिहितासुद्धा येत नाही.

तर, आलो. डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव, वर जाणारा एक रस्ता आणि खाली येणारा एक. बेकरी, पोस्ट, न्हाव्याचं दुकान, सुताराचा कारखाना, चौकात दगडी सभागृह. आमचं घर चढावर आहे. खाली स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, आणि खिडकीतून दरी. कपाट जिन्यात अडकलं ते अडकलंच. आता ते जिन्याच्या तोंडाशी उभं आहे आणि वर जाताना त्याला पोट आत ओढून वाट द्यावी लागते.

हिला खरं तर मुलीच्या गावाजवळ राहायचं होतं. मी डोंगराच्या बाजूने बोललो, हवा, शांतता, पुस्तकं, सगळे मुद्दे मांडले. शेवटी ही म्हणाली, तुमच्यापुढे बोलून कोण जिंकलंय? चला.

६ ऑक्टोबर

हे गाव मला आवडलं. इथली माणसं कमी बोलतात आणि मध्ये बोलत नाहीत. सकाळी पाव आणायला गेलो आणि बेकरीवालीला भाकरीच्या भावावरून जगात कुठे कुठे बंडं झाली ते सांगत बसलो. मागे रांग लागली होती, पण कुणी चुळबुळ केली नाही. उलट दोघंतिघं पुढे सरकले, नीट ऐकू यावं म्हणून. हिने माझी बाही ओढली. अहो, त्यांचे पाव करपताहेत. खरंच करपत होते, भट्टीतून धूर येत होता. बेकरीवालीची नजर माझ्या तोंडावरून हलली नाही. माझं संपलं तेव्हाच ती वळली.

परत येताना ही नखाने पावाची करपलेली कड खरवडत होती. मी मात्र तरंगत होतो.

११ ऑक्टोबर

सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई घरी येऊन गेल्या. मी त्यांना मनातल्या मनात अध्यक्षीणबाई म्हणतो. गावाची रीत अशी की नवीन आलेल्याने रविवारी दुपारी सभागृहात बोलायचं. विषय नाही, वेळेचं बंधन नाही. एकच अट: पुस्तकातलं नको, स्वतःचं सांगा. माझा थोडा हिरमोड झाला, कारण पुस्तकातलं माझ्याकडे पुष्कळ आहे. पण वक्त्याला अट म्हणजे पैज.

त्यांनी हिलाही विचारलं, तुम्ही बोलाल का. ही म्हणाली, आमच्या घरातलं बोलण्याचं खातं यांच्याकडे आहे.

१२ ऑक्टोबर

आईवर बोललो. ती गोण्या शिवायची. दाभण बोटात घुसलं की बोट तोंडात घालून माझ्याकडे बघायची आणि डोळा मारायची, मी घाबरू नये म्हणून. ते सांगताना माझा गळा दाटला आणि मी तो दाटू दिला. कुठे दाटू द्यायचा हे आम्हा वक्त्यांना कळतं.

सगळं गाव आलं होतं. कुणी खोकलं नाही, कुणी पाय हलवला नाही. इतकं ऐकणं मी कधी अनुभवलं नव्हतं. उन्हात तापलेल्या दगडावर पाठ टेकावी तसं वाटलं. शेवटी टाळ्या नाहीत. सगळ्यांनी डोळे मिटले आणि एकदम आवंढा गिळला.

१५ ऑक्टोबर

चक्क चोरी. चौकात न्हावी कुणालातरी स्वतःचं म्हणून सांगत होता की आपली आई गोण्या शिवायची, आणि दाभण लागलं की डोळा मारायची. माझी वाक्यं, माझे विराम, गळा दाटायची जागासुद्धा तीच. न्हाव्याचे डोळे ओले होते. मी घरी येऊन संतापाने सांगितलं तर ही हसत सुटली. हिचं हसणं म्हणजे आधी एक उचकी, मग बराच वेळ काही नाही, आणि मग सगळं एकदम. शेवटी मनगटाने डोळे पुसणं. म्हणाली, आयुष्यभर म्हणत होतात ना, माझे विचार लोकांचे झाले पाहिजेत? घ्या, झाले.

मीही हसलो. मग आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेलो आणि आला नाही. वाक्यं आली. चेहरा नाही.

भिंतीवरचा तिचा फोटो काढून पाहिला. त्यात खुर्ची आहे आणि मागे पडदा आहे. इथली हवा दमट आहे. दमट हवेने फोटो उडतात.

१९ ऑक्टोबर

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, लोकांचं मन भरलं नाही, पुन्हा या. मला आग्रह लागला नाही. आज संसारावर बोललो. ही मागच्या बाकावर बसली होती. मी हिच्या हसण्याची नक्कल केली, उचकीपासून मनगटापर्यंत. मुलांच्या वॉर्डात नर्स असताना ही पोराच्या कपाळावर नुसतं मनगट ठेवून ताप किती ते सांगायची आणि मग थर्मामीटर तिच्या मागे मागे यायचा, तेही सांगितलं, आणि मुलीचं लहानपणही. रंगलं.

चढ चढताना ही म्हणाली, मला विचारायचं तरी. मी म्हटलं, अगं, कौतुकच केलं. ही म्हणाली, माझं होतं ते.

२१ ऑक्टोबर

परवापासून ही हसलेली नाही. मी बरेच विनोद केले. ही माझ्याकडे, विनोद समजून घ्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखी बघत राहिली.

आज बेकरीत दोघं उभे होतो. कुणी काहीतरी बोललं आणि बेकरीवाली हसली. आधी एक उचकी. मग काही नाही. मग सगळं एकदम. पिठाने भरलेल्या मनगटाने तिने डोळे पुसले.

हिने मला हळूच विचारलं, एवढं हसायला काय झालं त्यांना?

घरी आल्यावर मला कणकण वाटली. हिने माझ्या कपाळाला मनगट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग डब्यातून थर्मामीटर शोधून आणला.

२४ ऑक्टोबर

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

दाढी करायला गेलो. न्हाव्याने मान मागे टेकवली, वस्तरा गळ्यावर ठेवला आणि माझ्याच आईची गोष्ट मला सांगायला लागला. त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं. दुसरंही. मला दोनदा तोंड उघडावंसं वाटलं, पण गळ्यावर वस्तरा असताना मोठमोठे वक्तेही गप्प बसतात. त्याने शेवटपर्यंत सांगितलं. शेवटच्या शब्दाला माझ्या नकळत मी आवंढा गिळला, आणि आई आली. नाकाजवळचा तीळ, दातांतली फट, डोळा मारताना वर जाणारा गाल. न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, मी काय सांगत होतो हो?

घरी धावलो. फोटोतल्या खुर्चीत आई बसली आहे.

म्हणजे रीत अशी आहे: इथे जे सांगाल ते ऐकणाऱ्याचं होतं. आणि त्याने सांगितलेलं तुम्ही अखेरपर्यंत ऐकलंत तर परत तुमचं होतं. हिला सगळं सांगितलं. ही शांतपणे म्हणाली, मग माझं हसणं घेऊन या, आणि त्या सभागृहात पुन्हा पाऊल टाकू नका. आणि आपलं ते—ते कधीच नाही. माझ्या हातावर हात ठेवून तिने माझ्याकडून वचन घेतलं.

आपलं ते म्हणजे आमचा पहिला मुलगा. तो फार थोडे दिवस होता. त्याच्याबद्दल आम्ही एकमेकांशीही बोलत नाही. तिच्या पेटीत तळाशी त्याची लोकरीची टोपी आहे.

२६ ऑक्टोबर

गेलो.

कसं लिहू. दुपारी अध्यक्षीणबाई दारात आल्या, म्हणाल्या, जेवण झाल्यापासून सगळे बसून आहेत. ही बाजारात गेली होती. मी ठरवलं, जायचं ते झाडायला. गेलो आणि झाडलं. चोर म्हटलं, बांडगुळं म्हटलं, माणसाचं काळीज ही सार्वजनिक मालमत्ता नव्हे असं टेबलावर मूठ आपटून सांगितलं. माझं सर्वांत चांगलं भाषण असेल ते. त्यांनी तेही ऐकलं. ऐकून संपलं तेव्हा माझ्यात राग उरला नव्हता. पहिल्या रांगेतला एक म्हातारा मात्र लाल होऊन मुठी वळत होता.

मग शांतता. सगळे चेहरे वर. आणखी हवं होतं त्यांना. मला तिथून उतरून घरी येता आलं असतं. दार उघडं होतं, कुणी धरलं नव्हतं. पण भरलेल्या सभागृहापुढे गप्प उभं राहणं मला जमत नाही, कधीच जमलेलं नाही, आणि न सांगितलेलं माझ्याकडे एकच उरलं होतं.

सांगितलं. टोपीसकट सांगितलं. गळा कुठे दाटू द्यायचा तेही मला कळलं.

२७ ऑक्टोबर

स्वतःची बाजू मांडून पाहतो. दुःखच तर गेलं. इतकी वर्षं जे तिच्या छातीवर होतं ते उतरलं. यात वाईट काय? डॉक्टर गाठ काढतो तेव्हा त्याला आपण चोर म्हणतो का?

मुद्दा चांगला आहे. लिहिल्यावर वाचवत नाही.

२८ ऑक्टोबर

हिने पेटी आवरायला काढली. खाली आलो तर ही शेगडी पुसत होती. चांगली मऊ चिंधी सापडली म्हणाली, लोकरीची आहे, काजळी पटकन निघते.

मी ती तिच्या हातातून घेतली नाही. काय सांगून घेणार होतो?

सुताराच्या कारखान्यापुढे लोक उभे होते. सुतार पायरीवर बसून रडत होता. त्याने लग्नच केलेलं नाही. हातांची ओंजळ छातीशी धरून तो पुढेमागे झुलत होता.

३० ऑक्टोबर

मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा, आईचा आवाज असा का येतो, रेल्वेच्या घोषणेसारखा? मी हवेचं कारण दिलं. लगेच तिकडे या म्हणाली. पण इथून निघालो तर हिचं जे आहे ते इथेच राहील. आधी परत घ्यायचं, मग निघायचं. काम सोपं आहे. ऐकायचं फक्त.

बेकरीत गेलो, बेकरीवालीसमोर बसलो, म्हटलं, सांगा. ती खुशीने सांगायला लागली: माझं हसणं असं की आधी एक उचकी येते, मग थोडा वेळ काही नाही, मग—

मी म्हटलं, थोडा वेळ नाही, बराच वेळ.

एवढंच बोललो. शब्द दुरुस्त केला फक्त. ती थांबली. तोंड उघडं राहिलं. पुढचं तिला आठवेना. आत काम करणाऱ्या बाईने काहीतरी थट्टा केली तेव्हा ती हसायला गेली आणि एक उचकी आली. नुसती उचकी.

घरी येऊन मी माकडचाळे केले, हिच्यासमोर, स्वयंपाकघरात, म्हातारा माणूस. ही वाट बघत उभी राहिली, माझं आटपेपर्यंत.

अर्धवट राहिलेलं कुणाचंच नसतं.

२ नोव्हेंबर

रविवार. गेलो नाही. दाराला आतून कडी घातली.

दुपारी गाव इथे आलं. अंगणाबाहेर उभे आहेत. काही मागत नाहीत, दार वाजवत नाहीत. चेहरे वर खिडकीकडे. मी जिन्यातल्या कपाटाला पाठ लावून बसलो आणि ओठ हलत होते माझे—सुरुवात जुळवत होते. लाज वाटते लिहायला. भीती बाहेरच्यांची नव्हती.

५ नोव्हेंबर

आज सुताराकडे. तोंडात रुमाल कोंबला, वरून पंचा बांधला. रस्त्यात हसले असते तर बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही.

सुतार द्यायला तयार नव्हता. म्हणाला, मला कधी कुणी नव्हतं, आता हा आहे. मी हात जोडले. बऱ्याच वेळाने तो बोलायला लागला. माझंच सगळं, पण त्याच्या तोंडी ते हळू होतं, रंधा मारल्यासारखं, एकेक पापुद्रा. मुठीत मावणारा पाय. दुधाचा वास. मी ऐकत होतो. खरंच ऐकत होतो. मी जे चमकवून सांगितलं होतं ते त्याने पुसून साधं केलं होतं, आणि मला पहिल्यांदा कळलं की असं होतं. असं होतं ते.

मग तो टोपीपाशी आला आणि थांबला. खांदे हलायला लागले. मान खाली. संपलं, मला वाटलं. झालं, संपलं. मी पंचा सोडला, रुमाल काढला आणि म्हटलं, बस, बस, रडू नका, मोकळे झालात.

त्याने मान वर केली. डोळे कोरडे होत गेले, माझ्यासमोर, ओल्या फरशीवरून पाणी वाळावं तसे.

कोण रडतंय, तो म्हणाला.

दुसरा माणूस थांबला की मला ते संपल्यासारखं वाटतं. जन्मभर असंच वाटत आलं.

६ नोव्हेंबर

तो आता कुठेच नाही. तिच्यात नाही. सुतारात नाही. माझ्याकडे वाक्य आहे फक्त—आमचा पहिला मुलगा होता—आणि ते कुणीही लिहू शकतं.

शेगडीजवळची चिंधी मी खिशात ठेवली आहे. का ते लिहून ठेवतो: ती टोपी आहे. उद्या विसरेन.

७ नोव्हेंबर

मुलीला फोन केला. रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन येते म्हणाली. आईला दे म्हणाली. दिला. ही म्हणाली, हो. हो. जेवले. हो.

मग फोन ठेवून मला म्हणाली, अहो, कोण होती?

अहो म्हणाली. ते आहे अजून.

९ नोव्हेंबर, दुपार

अंगणात सगळे. या वेळी बसले आहेत, आपापली स्टुलं घेऊन. मी कडी घातली होती. हिने काढली. अध्यक्षीणबाईंनी तिला विचारलं, तुम्ही बोलाल का, तुमच्याकडे काही आहे का.

ही म्हणाली, एक आहे.

वरून ऐकतोय. माझ्याबद्दल सांगतेय. दुसरं काही ठेवलंच नाही मी तिच्याकडे. रागाने नाही सांगत. पहिल्या भेटीत मी तिला सगळा जगाचा इतिहास सांगितला आणि चहा प्यायचा विसरलो, ते सांगतेय. कुणा कामगाराची थकबाकी मिळवून दिली तेव्हा मोरीत जाऊन रडलो होतो. तिने पाहिलं होतं—मला माहीत नव्हतं की पाहिलं—

आता माहीत आहे. आता—काय होतं ते. मोरीत काय—

लक्षात आलं. ती सांगतेय तसं जातंय. तिचं संपलं की तिला मी कोण ते—

खिडकी उघडी आहे. एक हाक मारली की ती थांबेल. अर्धवट राहील, पण उरलेला अर्धा मी—मला येतं ते. मध्ये बोलणं. त्यातच तर मी—

नाही. बोलू दे. किती छान सांगतेय. इतकी वर्षं हिला कुणी—मी कधी विचारलंच—

थांबली. गप्प आहे.

संपलं नाहीये. थांबलीय फक्त. ओळखलं मी. तोंडात चिंधी कोंबलीय, लोकरीची, का माझ्या खिशात होती कोण जाणे.

परत बोलतेय.

बंधूंनो, भगिनींनो—शब्द जाताहेत, पटकन सांगतो—आपलं कुणी ऐकत नाही हे गाऱ्हाणं सोडा. एकच करा. आज. ही वही मिटा, घरात जे माणूस असेल त्याच्यासमोर बसा, म्हणा, तू सांग. आणि ते थांबलं तरी, रडलं तरी, चुकलं तरी, त्याचं पुरतं होईपर्यंत आपण मध्ये—